महिनाअखेरच्या आत

१

आजोबा गेले, हे सगळ्यात आधी बॉयलरवाल्याने पाहिलं.

सोमवारी सकाळी त्याने काचघराचं दार उघडलं, सवयीने वर बघत "काय आजोबा, झोप झाली का?" असं विचारलं आणि पुढचं पाऊल तसंच अधांतरी ठेवून तो थांबला.

आजोबा म्हणजे सरकारी उद्यानातलं सायकसचं झाड. शंभरी कधीच ओलांडलेलं, हत्तीच्या पायासारखं खोड आणि डोक्यावर पानांची हिरवीगार छत्री. त्या जातीचं दुसरं झाड जगात उरलेलं नव्हतं. लोक तिकीट काढून ते बघायला यायचे आणि बघून झालं की उगाच हळू आवाजात बोलायचे. आज ती छत्री तपकिरी होऊन खोडाला लोंबत होती. बॉयलरवाल्याने शिडी लावून शेंडा दाबला, तर बोट नासक्या फळात जावं तसं आत गेलं.

काचघराचे प्रमुख आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. माळ्यांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे 'राजे' म्हणत, कारण ते हुकूम सोडत आणि कुणाचं ऐकून घेत नसत.

"म्हातारं झाड होतं, मेलं," राजे म्हणाले. "सुतक पाळायचंय का आता? चला, कामाला लागा."

झाडांची डॉक्टरीण मात्र गुडघे टेकून मुळाशी माती उकरत होती. वयाने तरुण, हंगामी नेमणुकीवर आलेली. रोगट झाडं बघणं हेच तिचं काम. मातीतून तिने शेवाळाचा एक बोळा बाहेर काढला. त्याखाली मनगटाएवढं भोक होतं, तिरकं, थेट मुळाच्या पोटात गेलेलं. तिने वास घेतला आणि झटकन मान मागे घेतली.

"साहेब, झाड मेलेलं नाही," ती म्हणाली. "मारलंय."

२

खात्याने चौकशी अधिकारी म्हणून ज्या बाईंना पाठवलं, त्यांना सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशाच होत्या, आणि टोचायच्याही तशाच.

मंगळवारी त्या उद्यानाच्या कचेरीत आल्या तेव्हा तिथे लगीनघाई चालली होती. अर्ध्या टेबलांवर खोकी बांधून ठेवलेली. जो तो निवृत्त होत होता. महिन्याच्या सुरुवातीला नवा नियम आला होता. आजवर शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन मिळायचं. येत्या एक तारखेपासून ते सबंध नोकरीतल्या सरासरी पगारावर ठरणार होतं. म्हणजे पंचविशीत मिळालेला चिमूटभर पगारसुद्धा म्हातारपणी मानगुटीवर बसणार. ज्यांचं वय भरलं होतं त्यांनी दोन-तीन वर्षं आधीच गाशा गुंडाळायचं ठरवलं. समोरच्या फोटोवाल्याकडे म्हाताऱ्या जोडप्यांची रांग लागली होती. अर्जाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागे, कारण नवऱ्यामागे निम्मं पेन्शन बायकोला मिळायचं. एक आजीबाई नवऱ्याला दटावत होत्या, "लग्नातसुद्धा इतके चिकटून उभे नव्हतात हो!"

टाचणी हसल्या आणि काचघराकडे वळल्या.

डॉक्टरीण त्यांचीच वाट बघत होती. "बाई, यात एक गंमत आहे. झाडावर दोन वेळा हल्ला झालाय. आधी मीठ. रोज थोडं थोडं, वर्षभर तरी. हिवाळ्यात पानांची टोकं जळायला लागली तेव्हा मी राजेंना सांगितलं होतं की मातीत मीठ उतरतंय, लगेच माती बदला. ते म्हणाले, गप्प बस, नाहीतर पुढची नेमणूक विसर."

"आणि दुसरा हल्ला?"

"तणनाशक. एकदम भरपूर, गेल्या पंधरवड्यात. भोकं मात्र तीच. तोच तिरका हात, वर तसाच शेवाळाचा बोळा, म्हणजे पाणी घालताना माती खचत नाही. हे पुस्तकात नसतं. रोपवाटिकेत लहानपणापासून वाढलेल्या माणसाचा हात आहे हा."

"म्हणजे माणूस एकच," टाचणी म्हणाल्या. "वर्षभर मुंगीच्या पावलाने चालत होता आणि अचानक धावत सुटला. का?"

त्या 'का'चं अर्धं उत्तर त्यांना ठाऊक होतं. चौकशी चालू असताना जो निवृत्त होतो, त्याचं पेन्शन निकाल लागेपर्यंत अडकतं, आणि खात्याच्या चौकश्या वर्षानुवर्षं रेंगाळतात. पण माणूस एकदा निवृत्त झाला की खातं त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. झाडाची जबाबदारी राजेंची. कुणाला तरी राजेंना बुडवायचं होतं आणि तेही महिनाअखेरच्या आत.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. राजे निवृत्त होतच नव्हते. अजून तीन वर्षं गादी सोडत नाही, असं ते ज्याला त्याला ठणकावून सांगत होते.

टाचणींनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा कारकून जरा घुटमळला.

"कुणाला सांगू नका असं बजावलंय त्यांनी," तो म्हणाला. "पण तुम्ही विचारताय म्हणून... राजेंचा अर्ज आलाय. याच महिनाअखेरचा."

३

"हो, दिलाय अर्ज," राजे म्हणाले. त्यांच्या खोलीला काचेची भिंत होती आणि पलीकडे मेलेले आजोबा दिसत होते. राजेंनी खुर्ची मुद्दाम पाठमोरी वळवून घेतली होती. "माझा पैसा मी का सोडू?"

"मग लपवलंत का?"

राजेंच्या मिशीखाली हसू उमटलं. "युवराजासाठी."

युवराज म्हणजे उपप्रमुख. राजेंच्या जागेची वाट बघत बघत त्याला टक्कल पडलं, पोट सुटलं, नातवंडं झाली, तरी नाव युवराजच राहिलं.

"मी जातोय हे कळलं असतं तर तो थांबला असता आणि माझ्या खुर्चीत बसला असता," राजे म्हणाले. "मी तीन वर्षं हलत नाही म्हटल्यावर त्याने कंटाळून स्वतःच अर्ज दिला. काल मंजूर झाला. आता मागे घेता येत नाही. माझ्याविरुद्ध वर तक्रार करत होता एकेकाळी. बसू दे आता घरी."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"त्या कारकुनाला सोडून एका माणसाला बोललो नाही मी. तोंडातून शब्द काढला नाही."

टाचणी त्यांच्याकडे बघत राहिल्या. कारकून शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायचा; त्याने काचघराचं दारही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे राजे खरं बोलत असतील, तर ज्याला घाई व्हायला हवी असा माणूसच अस्तित्वात नव्हता.

"ते तणनाशक," राजे उठता उठता म्हणाले, "युवराजाच्या कोठारात असतं. किल्ली त्याच्याकडेच. तुमची चौकशी मी सोपी करून देतो. त्याला धरा आणि माझ्यावरचं बालंट शनिवारच्या आत काढा, शनिवारी महिना संपतोय."

४

युवराज कोठारात कुदळी मोजून परत देत होता. टाचणींना बघून त्याने हात झटकले.

"माझ्यावरच संशय ना? येणारच. पण आमच्या औषधात निळा रंग असतो बाई, सरकारी नियमच आहे तसा. त्या शेवाळाला रंग लागलेला नाही. ते बाहेरच्या दुकानातून आणलंय."

"तुम्हीही बाहेरून आणू शकता."

"आणू शकतो की. राजेंचा द्वेष करतो का विचाराल तर करतो, छातीठोकपणे. पण आजोबांना हात लावायला मी काय कसाई आहे?"

टाचणी एका उलट्या कुंडीवर बसल्या. "तुम्हाला ठाऊक आहे ना, राजेसुद्धा शनिवारी निवृत्त होतायत?"

 आधी तो हसला, चेष्टा असावी म्हणून. मग त्याने टाचणींच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याचा चेहरा मेणासारखा ओघळला.

"काल... काल माझा अर्ज मंजूर झाला," तो म्हणाला. "बाई, नवा नियम आला असता तरी मला चाललं असतं. पेन्शन कमी मिळालं असतं, मिळू दे. एक दिवस, फक्त एक दिवस त्या खुर्चीत बसायचं होतं. बायकोला बोलावून दाखवायचं होतं." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून जे शब्द आले ते टाचणींनी कागदावर घेतले नाहीत.

इतकं चांगलं नाटक कुणाला करता येत नाही. राजे जाणार हे माहीत असतं तर युवराजाने अर्जच दिला नसता. त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याला घाईही नव्हती. युवराज सुटला.

उरला बॉयलरवाला. काचघराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. टाचणी त्याच्या खोलीत शिरल्या तेव्हा तो झडप पुसत होता.

"मला विचाराल तर मी केलं नाही," तो म्हणाला. "मला झाड मारायचं असतं तर थंडीत बॉयलर बंद ठेवला असता. एका रात्रीत काम तमाम, आणि म्हणालो असतो नळी फुटली. वर्षभर मीठ कशाला कालवत बसू? शिवाय दुसरी किल्ली माझी. चौकशी लागली तर माझंही पेन्शन लटकणार. स्वतःच्या पोटावर पाय कोण देईल?"

"राजेंवर राग कुणाचा आहे?"

"कुणाचा नाही ते विचारा. लवकर संपेल." मग त्याचा आवाज उतरला. "आमच्याबरोबर एक माळी होता. धाकटा म्हणायचो आम्ही त्याला. रोपवाटिकेत वाढलेलं पोर, त्याने काठी रोवली तर तिला पालवी फुटायची. राजेंनी त्याच्यावर ऑर्किडच्या चोरीचा आळ घेतला आणि काढून टाकला. पेन्शनला पात्र व्हायला त्याला काही महिने उरले होते. पुढे म्हातारपणी गोदामात पोती वाहायचा. पोत्याखालीच गेला."

"त्याचं कुणी इथे आहे?"

बॉयलरवाल्याने फडका पिळला. एकदा पिळून झाल्यावर पुन्हा पिळला. "इथे नोकरीत कुणी नाही," तो म्हणाला.

"या काचघरात रोज कोण कोण येतं?"

"आम्ही चौघं. आणि राणीसाहेब, म्हणजे राजेंच्या मिसेस. दुपारी नवऱ्याचा डबा आणतात, चहाचा थर्मास आणतात. राजे जेवून घोरत पडतात, त्या बिचाऱ्या आजोबांपाशी जाऊन बसतात. घरात तरी कोण बोलतंय त्यांच्याशी!"

५

टाचणी बाहेर आल्या. कचेरीसमोर फोटोवाल्याची रांग अजून हललेली नव्हती. तो एका म्हाताऱ्याला सांगत होता, "एकट्याचा फोटो चालत नाही काका. काकूंना घेऊन या. त्यांची सहीही लागेल."

टाचणी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून एक सायकलवाला ओरडला तेव्हा कुठे हलल्या.

एका माणसाला बोललो नाही, असं राजे म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी फक्त बायकोला माणसांत धरलं नव्हतं.

राजेंचं सरकारी घर उद्यानाच्या मागच्या बाजूला होतं. दार उघडणारी बाई ठेंगणी, शांत, पदराला हात पुसत आलेली. टाचणींना तिने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसून राहिलेली भाजी निवडायला घेतली.

"तुमचं माहेर रोपवाटिकेचं ना?" टाचणींनी विचारलं.

"हो. वडिलांनी आम्हा दोघांना चालायच्या आधी कलम बांधायला शिकवलं असं आई म्हणायची."

"दोघांना?"

"मी आणि धाकटा."

निवडणारे हात थांबले. तिने मान वर केली.  बाहेर कुणीतरी पाइपने रस्ता धुत होतं.

"आजोबांपाशी रोज पोचणारी माणसं थोडी," टाचणी म्हणाल्या. "त्यातल्या तुमच्यासारखा हात असलेली त्याहून थोडी. आणि राजे या महिन्यात जाणार हे माहीत असलेलं माणूस एकच. ज्याला फोटोला शेजारी उभं केलं होतं ते."

"तुम्हाला जरा उशीरच झाला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं होतं सकाळीच याल घरी."

"तुमचा धाकटा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मग गेल्या वर्षीच का सुरुवात केलीत?"

"आधी मला वाटायचं, त्याने खरंच चोरी केली असेल. नवऱ्याने सांगितलं, मी मानलं. त्याच्या बायकोला मी दारातून परत पाठवलं होतं बाई, चोराची बायको म्हणून." तिने एक देठ मोडला. "गेल्या वर्षी यांचे एक साहेब जेवायला आले. गप्पा पेन्शनवर गेल्या. हे हसून सांगायला लागले, माणूस काढायचा तर पात्र व्हायच्या आधी काढावा, नंतर काढला तर जन्मभर कटकट. मी एकाला असाच काढला, म्हणाले. ऑर्किड मीच विकली होती, पण कुणाच्या तरी नावावर तर टाकायला हवीत! साहेब खूप हसले. मी वाढत होते."

"आणि दुसऱ्या दिवसापासून..."

"दोन थर्मास. एकात चहा, एकात मीठपाणी. घाई नव्हती. यांची तीन वर्षं होती. झाड यांच्या हाताखाली झिजत मरेल, यांना शेवटी जाब द्यावा लागेल असं ठरवलं होतं. मग नियम बदलला. मला म्हणाले, नीट साडी नेस, लांब जाऊन फोटो काढायचाय, इथे कुणाला कळायला नको. फोटोवाला म्हणाला, काकू, हसा. मी हसले. तिथून परत येताना तणनाशक घेतलं."

"पण त्यांच्यामागे ते पेन्शन तुम्हालाच मिळणार होतं! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन..."

"नाक जाऊ दे," राणीसाहेब म्हणाल्या. "अपशकुन झाला ना?"

दारात सावली पडली. राजे उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

६

"वेडी झालीस तू?" राजे ओरडले. पण त्या आवाजाला नेहमीची धार नव्हती. "खाशील काय? मी मेल्यावर तुला कोण पोसणार होतं? ते तुझंच होतं!"

"धाकट्याच्या बायकोला कोण पोसतंय?" ती म्हणाली. "ती जे खाते तेच मी खाईन."

राजे टाचणींकडे वळले. "ऐकलंत ना? गुन्हा कबूल केला तिने. म्हणजे माझा काही दोष नाही. लिहा तसं. शनिवारच्या आत लिहा."

"लिहिणार आहे," टाचणी म्हणाल्या. "झाड यांनी मारलं, हे लिहीन. हिवाळ्यात तुम्हाला सांगितलं गेलं होतं की माती बदला, झाड वाचेल, आणि तुम्ही त्या मुलीला धमकावून गप्प केलंत, हेही लिहीन. तेव्हा लक्ष दिलं असतं तर मिठाचा उलगडा तेव्हाच झाला असता. आणि ऑर्किडचं तुम्हीच हसत हसत सांगितलंय. ते साहेब कोण होते, हे या मला सांगतीलच."

"ते साहेब माझे मित्र आहेत. ते काही बोलणार नाहीत."

"या महिनाअखेर जो तो निवृत्त होतोय, तेही होत असतीलच ना?" टाचणींनी विचारलं. "मग बोलतील. स्वतःचं पेन्शन वाचवायला माणूस काय बोलत नाही?"

राजे खुर्चीवर बसले. मिशीचं एक टोक वाकलं होतं, ते त्यांनी सरळ केलं नाही.

साहेब बोलले. दुसऱ्याच दिवशी, घडाघडा. शनिवारी उद्यानात निवृत्तांना निरोप देण्याचा कार्यक्रम झाला. राजेंना बोलावणं नव्हतं. त्यांचं पेन्शन अडकलं, आणि धाकट्याच्या चोरीचं प्रकरण नव्याने उघडलं.

कोर्टात राणीसाहेबांनी वकील घेतला नाही. पश्चात्ताप होतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"झाडाचा होतो," त्या म्हणाल्या. "त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं."

"आणि नवऱ्याचा?"

त्या पदर सावरून शिक्षा ऐकायला उभ्या राहिल्या. 

काही महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्या तेव्हा तुरुंगाच्या दाराबाहेर धाकट्याची बायको, त्यांची वहिनी, उभी होती. राणीसाहेबांनी वाकून तिचे पाय धरायचा प्रयत्न केला, तर तिने दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, "आधी घरी चला. रडायचं ते तिथे रडू, भाडं भरलेलं आहे." दोघी दोन खोल्यांत राहू लागल्या. मागच्या अंगणात रोपं करून विकू लागल्या.

वर्षभराने एके दुपारी राजे त्या दारात आले. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. सरकारी घर सुटलं होतं. हाताशी होतं ते संपत आलं होतं, आणि चौकशीच्या तारखेवर तारखा पडत होत्या.

"तू एक जबाब दे," ते म्हणाले. "झाड आजारी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच म्हण. ती डॉक्टरीण खोटं बोलली म्हण. तेवढ्यावर चौकशी मिटेल. पेन्शन सुटलं की निम्मं तुझं. निम्मं! लिहून देतो."

राणीसाहेबांच्या हाताला माती लागली होती. आत वहिनी कुंड्या रचत होती. ती उठून दाराशी आली नाही, पण तिचं रचणं थांबलं.

"धाकट्याने तुमच्याकडे असंच येऊन मागितलं होतं ना?" राणीसाहेब म्हणाल्या. "काही महिने राहू द्या, म्हणाला होता. पात्र होतो आणि स्वतःच जातो. वहिनीने सांगितलंय मला. तुम्ही काय म्हणाला होतात?"

राजेंनी चुरगळलेल्या सदऱ्याची बाही खाली ओढली. त्यांना आठवत असावं.

"तुम्ही म्हणाला होतात, नियम म्हणजे नियम."

त्यांनी दार लावलं. राजे बाहेर बराच वेळ उभे असल्याचं वहिनीने खिडकीतून पाहिलं. राणीसाहेबांनी मात्र पाहिलं नाही. त्यांना संध्याकाळच्या आत जास्वंदीची कलमं बांधून संपवायची होती.